जर्मिनालच्या दोन सह्या

रोम, ११ मार्च १९५५

जर्मिनाल,

तुझा निरोप मिळाला. आपली मावसबहीण नेल्ला निरोप देताना काही गाळत नाही, हे तुला माहीत आहे, म्हणूनच तू तिला सांगितलंस. तुझ्या शिव्यासुद्धा तिनं जशाच्या तशा लिहिल्यात. मी कॅमेरा घेऊन गावात पाय ठेवला तर खाणीतला एकही गडी माझ्यासमोर उभा राहणार नाही आणि तू तर दारही उघडणार नाहीस, असं तुझं म्हणणं.

मी येतेय. दहा एप्रिलला. बरोबर चौदा माणसं आहेत आणि दोन ट्रक. दार उघडू नकोस, मला तुझ्या स्वयंपाकघरात चित्रपट काढायचा नाही. मला डोंगर हवाय आणि डोंगर अजून तुझ्या नावावर झालेला नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी बेदिझ्झानो सोडलं तेव्हा तू म्हणाला होतास, ही रोममध्ये दुसऱ्यांचे कपडे शिवत मरेल. शिवले की. दोन वर्षं एका स्टुडिओच्या कपडेपटात बसून सैनिकांचे झगे शिवले. मग तिथून संकलनाच्या खोलीत शिरले. तिथे बायका पांढरे हातमोजे घालून फिल्मचे तुकडे जोडत बसतात. मोठमोठे दिग्दर्शक काय घोटाळे करून ठेवतात आणि आम्ही ते कात्रीनं कसे झाकतो, हे पाच वर्षं पाहिलं. एक दिवस वाटलं, लोकांचं झाकत बसण्यापेक्षा आपलं आपण काढावं. दोन छोटे माहितीपट केले. आता हा मोठा.

निर्माता गिलार्दी याला मी सांगितलंय की खाणीतली प्रेमकथा आहे. खोटं नाही सांगितलं. बाबांवर आपलं प्रेम होतंच.

१९३३च्या ऑक्टोबरात दगड उतरवताना दोर तुटला आणि बाबा त्याखाली गेले. खाणीत माणूस मेला की वाजवतात ते शिंग वाजलं, आणि डोंगरभरच्या संगमरवराच्या खाणी एकेक करून गप्प झाल्या. तू एकोणीस वर्षांचा होतास, मी बारा. त्यांनी पाद्र्याला डिवचायला म्हणून तुझं नाव अंकुराचं ठेवलं आणि माझं बंडाचं. त्या माणसाची गोष्ट मी सांगणार. चित्रपटाचं नावही ठरलंय, 'शिंग'.

तुझी बहीण,
रिबेल्ला

बेदिझ्झानो, २ जून १९५५

जर्मिनाल,

दोनशे पावलांवरून पत्र लिहितेय. चार वेळा दार वाजवलं. आत खोकलास, म्हणजे घरात होतास.

तुझे गडी आले नाहीत, हे खरं. पहिले नऊ दिवस मी रिकामा डोंगर चित्रित केला. गिलार्दीची तार आली की डोंगर काही संवाद बोलत नाही, पोस्टकार्ड काढायची असतील तर परत ये. दहाव्या दिवशी शिंग वाजवणारा म्हातारा ओद्दिनो वर चढून आला. भाकरीत चरबीचे काप घालून आणले होते, ते खात माझ्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "वात्तेरोनीची पोरगी ना तू? तुझ्या बापानं मला लिहायला शिकवलं. काय करायचं सांग." त्याच्या मागून दुसऱ्या दिवशी सहा जण आले, रविवारी सतरा. तुझ्याच टोळीतले. साबण लावलेल्या ओंडक्यांवरून वीस टनांचा दगड तीन दोरांवर तोलत त्यांनी खाली सोडला, आणि माझा कॅमेरावाला, जो कशालाच घाबरत नाही, तो डोळे मिटून कॅमेरा चालवत होता.

परवा मात्र तू आलास. कंपनीच्या जुन्या कचेरीत आम्ही सहीचा प्रसंग घेत होतो. हे तुला कोणी कळवलं, ते विचारत नाही. तू दारात उभा राहून सगळं पाहिलंस. टेबलापलीकडे साहेब, अलीकडे तो मुलगा, मध्ये कागद. 'दोर शाबूत होता. माझे वडील त्या दिवशी प्यायलेले होते.' बाप मेल्याच्या चौथ्या दिवशी थोरल्या मुलाची सही.

तू मला एवढंच विचारलंस, "हे तुला कोणी सांगितलं?"

"आईनं."

मग म्हणालास, "तिनं शपथ घेतली होती." आणि सरळ खाली उतरून गेलास.

आता ऐक. तू सही केलीस म्हणून कंपनीचं घर आपल्याकडे राहिलं, तुला टोळीत जागा मिळाली आणि मी शाळेत गेले. हे मला कळतं. चित्रपटात मी तुला खलनायक केलेलं नाही, बघशील तेव्हा कळेल. पण बाबा कामावर असताना थेंबही घ्यायचे नाहीत. सगळ्या गावाला ठाऊक आहे. तरी बावीस वर्षं त्या कागदावर ते दारुडे म्हणून पडून आहेत. कागद मालकाच्या कपाटात आहे, तिथे माझा हात पोहोचत नाही. पडद्यावर पोहोचतो.

प्रसंग मी काढणार नाही.

रिबेल्ला

रोम, १९ जानेवारी १९५६

जर्मिनाल,

आज सरकारी परीक्षण मंडळात गेले होते. चित्रपट पास करायचा की नाही, ते तिथे ठरतं. करड्या सुटातल्या एका सभ्य गृहस्थानं मला कॉफी दिली. कॉफी चांगली होती. म्हणाला, चित्रपट उत्तम आहे, माझ्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं, फक्त चार मिनिटं कापा. कोणती, ते मी विचारलं नाही.

त्यानं टेबलाच्या खणातून तुझं पत्र काढलं.

अक्षर तुझंच. 'मी मयताचा थोरला मुलगा. सदर प्रसंग धादांत खोटा असून माझ्या वडिलांची व कुटुंबाची बदनामी करणारा आहे, तरी तो काढून टाकण्यात यावा.' खाली सही. गृहस्थ म्हणाला, "बाईसाहेब, घरच्यांनाच नको असेल तर आम्ही कोण?"

मी म्हणाले, "तुम्ही कोण ते या पत्रामुळेच कळलं. माझ्या भावाकडून एकदा साहेबानं लिहून घेतलं होतं. आता तुम्हाला तर मागावंही लागलं नाही."

गिलार्दी जिन्यावर वाट पाहत होता. त्यानं अक्षरशः हात जोडले. "अगं चार मिनिटं. चार मिनिटांत अंडंसुद्धा धड उकडत नाही."

"मग चार मिनिटांना एवढी माणसं घाबरतात कशी?"

"तू कापलं नाहीस तर मी दुसऱ्याकडून कापून घेईन."

"घे. मग माझं नावही काप. आणि का कापलं ते मी प्रत्येक वर्तमानपत्रात जाऊन सांगेन." तो घाबरला. भांडणाला नव्हे, वर्तमानपत्रांना. परवाना नाकारला गेला. 'शिंग' एका महोत्सवात एकदाच दाखवला होता, आता त्याच्या पेट्या तिबुर्तिना रस्त्यावरच्या कुठल्याशा गोदामात जाऊन पडतील.

तू जिंकलास असं समजू नकोस. आयुष्यात तू दोनदा सही केलीस आणि दोन्ही वेळा त्यांना हवी होती तिथेच केलीस. मी एकदाही केलेली नाही. आज त्यांनी पुढे केलेल्या संमतीपत्रावरही नाही. कागद तसाच कोरा ठेवून आले.

नेल्लानं लिहिलंय की तू आईशी बोलत नाहीस, रविवारीही तिच्याकडे जेवायला जात नाहीस. तिला कशाला शिक्षा? भांडण माझ्याशी आहे, माझ्याशी भांड.

रिबेल्ला

रोम, ८ सप्टेंबर १९६१

जर्मिनाल,

आईच्या अंत्ययात्रेत तू मला पाहिलंस. मी वाजंत्रीवाल्यांच्या मागे उभी होते. अराजकवाद्यांचे काळे-लाल झेंडे होते, पाद्री नव्हता, तिला हवं होतं तसंच झालं. तू शवपेटीला खांदा दिलास पण मान वर केली नाहीस. चारच्या बसनं मी परतले. दुसऱ्या दिवशी चित्रीकरण होतं, त्याची लाज वाटत नाही. आईनं तरी कामाचा दिवस कधी बुडवला होता?

नेल्लामार्फत तू टोमणा पाठवलास तोही पोहोचला. 'तिला सांग, तेल फासलेले तिचे पैलवान टोळीला फार आवडले. खऱ्या दगडांपेक्षा तिचे कागदाचे दगड बरे, अंगावर पडले तरी कोणी मरत नाही.'

म्हणजे तुला माहीत आहे तर. पोस्टरवर 'दिग्दर्शन : मार्टिन हिल' असं छापतात. अमेरिकन वाटावं म्हणून. एका बाईनं पैलवानपट काढलाय म्हटलं तर तिकीट कोण घेणार? 'शिंग' नंतर तीन वर्षं मला कोणी दारात उभं केलं नाही. मग गिलार्दी स्वतः आला. कोणाचंही मागचं भांडण लक्षात ठेवायचं नाही, एवढा एक गुण त्याच्यात आहे. मी आतापर्यंत चार काढले. चौथ्यात नायक एकटा डोंगर ढकलतो. तिथे मी गुलामांना दोर बांधायला शिकवलं, आपल्या टोळीसारखं, तीन दोर आणि मधल्याला दुहेरी गाठ. कोणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या आलं असणार.

हे काम मला कमीपणाचं वाटत नाही. वीस घोडे, तीनशे माणसं आणि एक रडका पैलवान सहा आठवडे सांभाळायला येतो मला. त्यातून शिल्लक राहील त्यावर माझ्या नावाचा चित्रपट काढीन, आणि तो कोणी पाहिला नाही तर आणखी एक काढीन.

फक्त एक सांग. शेवटच्या सहा वर्षांत तू आईशी एकदा तरी बोललास का? नेल्ला हे एकच लिहीत नाही.

रिबेल्ला

रोम, २७ फेब्रुवारी १९७५

जर्मिनाल,

'शिंग' सापडला. ते गोदाम पाडायला घेतलं, तिथल्या पेट्या एका प्रयोगशाळेत आल्या, आणि तिथे काम करणाऱ्या एका बाईनं झाकणावरचं माझं नाव वाचलं. आम्ही एकेकाळी एकाच टेबलावर फिल्म जोडायचो. फक्त तिसरी पेटी गंजलीय, बाकी सगळ्या धडधाकट. सहीचा प्रसंग पाचव्या पेटीत आहे.

या वेळी परवाना एका दिवसात मिळाला. करडा सूट नाही, कॉफी नाही. एका तरुण अधिकाऱ्यानं विचारलं की यात आक्षेप घेण्यासारखं नक्की काय होतं. मी म्हटलं, तेव्हा तू शाळेतही जात नव्हतास बाबा, सोडून दे.

मध्ये काय झालं ते मोजक्यात सांगते. सात पैलवानपट, तीन घोडेस्वारांचे, आणि दोन माझ्या नावाचे. त्यातला सुईणीवरचा तोरिनोत अकरा दिवस चालला. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, दिग्दर्शिका हट्टी आहे. ते कात्रण मी जपून ठेवलंय. लग्न केलं नाही. गुडघे गेलेत.

तुझं कळत असतं. दोन बोटं गेली, मग छाती धुळीनं भरली, मग निवृत्त झालास. आता दोरानं दगड सोडतच नाहीत म्हणे, ट्रक वरपर्यंत जातात.

कर्रारातल्या खाण कामगारांच्या सभागृहात चित्रपट दाखवायचाय. त्यांनी बोलावलं नाही, मीच मागितलं. वीस एप्रिल, रविवार, दुपारी तीन. आधी लिव्होर्नो, मग कर्रारा असं त्यांनी सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. पहिला खेळ आपल्या माणसांसमोर, तुझ्या तोंडावर होईल. खुर्ची ठेवीन. बसायचं नसेल तर ती रिकामी राहील, आणि सगळ्यांना दिसेल.

रिबेल्ला

रोम, २१ एप्रिल १९७५

जर्मिनाल,

काल तू बसलास. पहिल्या रांगेत नाही, मागे, भिंतीला टेकून, टोपी मांडीवर. मी पडदा पाहिलाच नाही, सबंध वेळ तुलाच पाहत होते. ओद्दिनो पडद्यावर आला तेव्हा लोक हसले, कारण तो जाऊन दहा वर्षं झाली आणि तिथे तो चरबीची भाकरी खात होता. तूही हसलास. मग पाचवी पेटी लागली. सभागृहात तीनशे माणसं होती.

दिवे लागले. टाळ्या वाजल्या, आणि तू उठलास. खोकल्यामुळे तुला दोनदा थांबावं लागलं. तू काय म्हणालास ते मी इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या तूच नाकारलंस तर माझ्याकडे असेल.

"सही करणारा तो मुलगा मी आहे. दोर कुजलेला होता. मी तो आदल्या आठवड्यात पाहिला होता. माझे वडील प्यायलेले नव्हते." मग तू माझ्याकडे बोट केलंस, जी उरलीत त्यातलं एक. "पण माझ्या बहिणीचा चित्रपट खोटा आहे. त्यात मुलाचा हात थरथरतो. माझा हात थरथरला नव्हता. मी नीट, सावकाश सही केली. साहेबानं अक्षराचं कौतुक केलं, आणि मला बरं वाटलं."

एवढं बोलून तू टोपी घातलीस आणि निघून गेलास. बेचाळीस वर्षांनी बाबा मोकळे झाले, आणि तेही माझ्या पडद्यामुळे नाही.

रात्रीच्या गाडीत माझा डोळा लागला नाही. तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. दोन्ही सांगताना मान खाली घालणार नाही, पण सांगणार.

पहिली. मी कोणाची कात्री चित्रपटाला लावू दिली नाही, हे मी वीस वर्षं मिरवतेय. खरी गोष्ट अशी की तुझी भूमिका करणाऱ्या पोरानं पहिल्या तीन वेळा स्थिर हातानं सही केली. मी त्याला म्हटलं, हात थरथरू दे. चौथ्या वेळी थरथरला, आणि मी तो तुकडा ठेवला. मंडळाच्या भीतीनं नाही. मला असा भाऊ हवा होता.

दुसरी. आईनं मला काहीही सांगितलं नाही. कधीच नाही. तिनं शपथ घेतली होती आणि ती पाळली. सहीच्या दिवशी तिनं तुझ्यासाठी भाकरी देऊन मला कचेरीवर पाठवलं होतं. खिडकी माझ्या उंचीला होती. मी सगळं पाहिलं, ऐकलं, तुझा हातही पाहिला. आणि ५५ साली तू दारात उभा राहून विचारलंस तेव्हा, 'मी पाहिलं' म्हणायची माझी छाती झाली नाही. मला वाटलं, तू विचारशील की मग इतकी वर्षं माझ्या कमाईची भाकरी कशी खाल्लीस. म्हणून मी आईचं नाव घेतलं. एक शब्द. त्यावर तू सहा वर्षं तिच्याशी बोलला नाहीस आणि ती तशीच गेली. तिला कारण माहीत नव्हतं, जर्मिनाल. नेल्लाला ती विचारायची, माझं काय चुकलं. हे मला ५७ सालीच कळलं होतं. तरी मी गप्प राहिले.

आता तुला माझं तोंड न पाहायला माझ्या चित्रपटापेक्षा मोठं कारण मिळालं. घे.

पण चित्रपट मी बदलणार नाही. स्थिर हाताचे तुकडे अजून प्रयोगशाळेत आहेत, जोडायला एक दुपार पुरे. नाही जोडणार. तो मी चौतिसाव्या वर्षी केला, तेव्हा मला जेवढं झेपलं तेवढं त्यात आहे. माझं खोटंही त्यातच राहू दे, आणि लोकांना दिसू दे. अकरा मेला, रविवारी, लिव्होर्नोला खेळ आहे. तीन वाजता. तू यायचंस, उठायचंस आणि हात थरथरला नव्हता म्हणून सांगायचंस. तू बसलास की मी उठेन आणि आईचं सांगेन. तू आला नाहीस तर दोन्ही मीच सांगेन, पण तुझं माझ्या तोंडून लोकांना खोटं वाटेल.

रिबेल्ला

रोम, १२ मे १९७५

दादा,

काल तू आलास, बोललास, आणि मग बसून माझं ऐकलंस. मी बोलत असताना दोन बायका उठून गेल्या. तू गेला नाहीस. बाहेर फुटपाथवर उभं राहून तू माझ्याकडे न बघता बोललास, "तीनशे परक्या लोकांना सांगायला काय लागतं? तिला जाऊन सांग. मग पुढच्या खेळाचं बघू."

बरोबर आहे. येत्या शनिवारी सकाळी साडेनऊच्या गाडीनं उतरतेय. घरी येत नाही, थेट वर कबरस्तानात जाईन. क्षमा मागायला जात नाहीये, ती तिनं दिली तरी मी घेणार नाही. जे केलं ते तिला तोंडावर सांगायला जातेय.

पण तू फाटकाशी ये. अंत्ययात्रेच्या दिवशी सगळे आत गेले आणि मी बाहेरूनच बस पकडली. आईला कुठे पुरलंय, ते मला माहीत नाही.

रिबेल्ला